दुपारी आंधळा होणारा डोळा

माझ्या दुकानात येऊन कुणी ‘तो जादूचा डोळा बनवून द्या ना’ म्हणालं, की मी त्याला सरळ पायरी उतरायला सांगतो. परवा एक सराफ आले होते. तिजोरीसमोर चोर आला की घंटा वाजली पाहिजे म्हणे. मी म्हटलं, कुत्रा पाळा. रागावून गेले. जाऊ देत. अख्ख्या पनवेलमध्ये मी तिरसट म्हणून प्रसिद्धच आहे, आणखी एकाने शिव्या घातल्या तर माझं काय वाकडं होणार आहे?

पण तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो. एकदाच सांगतो, आणि मधे मधे ‘अरेरे’ करू नका. मला ते सहन होत नाही.

मी दिनानाथ. बाप खाडीत जाळं टाकायचा. मी लढाईच्या काळात नेव्हीत गेलो, तिथे वायरलेस शिकलो आणि परत येऊन उरण नाक्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. कोळ्याचा पोर रेडिओ उघडून परत वाजवून दाखवतो, याचं लोकांना कोण कौतुक! त्या कौतुकाने मी शेफारलो. लग्न केलं नाही, म्हणजे माझा स्वभाव बघून कुणी मुलगी दिली नाही. घरात मी आणि माझी धाकटी बहीण हौसा, दोघंच. तिचा नवरा होडीसकट बुडाला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. मी तिला घरी घेऊन आलो. पण रिकामं बसणं तिच्या रक्तात नव्हतं. महिनाभरात ती तुळशीरामशेटच्या कारखान्यात कामाला लागली.

कारखाना कसला, मिठागराच्या कडेला पत्र्याची एक शेड. तिथे दंतमंजनाच्या डब्यांची झाकणं बनायची. तीन प्रेस होत्या. प्रेस म्हणजे खाली लोखंडाचा साचा आणि वरून दणकन खाली येणारा ठोकळा. बाईने पत्र्याची चकती साच्यात ठेवायची, हात बाहेर घ्यायचा आणि पायाने पेडल दाबायचं. ठोकळा आला की चकतीचं झाकण झालं. दिवसभर हेच. चकती, हात, पाय. चकती, हात, पाय. कधीतरी हात आणि पाय यांचा क्रम चुकायचाच. बासष्ट सालच्या दिवाळीनंतर ठमाबाईचा चुकला. तिचं बोट त्या दिवशीच्या झाकणांबरोबर पेटीत सापडलं.

बायका उठून बाहेर बसल्या. कारखाने तपासणारे साहेब आले, म्हणाले, हात आत असताना प्रेस पडता कामा नये, तशी काहीतरी सोय करा, तोवर यंत्रं बंद. परदेशात उजेडाचा पहारा बसवतात म्हणे, पण तो मागवायचा तर सहा महिने लागणार. तुळशीरामशेट हातात टोपी घेऊन माझ्या दुकानात आला.

“दिनानाथ, असा डोला तुना बनवता येल का?”

मी म्हटलं, “शेट, परदेशातल्यांना दोन डोकी असतात का?”

असं बोललो मी. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आता तो डोळा काय होता ते नीट ऐका, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या रेडिओबाजारातून मी ट्रान्झिस्टर आणले. ट्रान्झिस्टर म्हणजे शेंगदाण्याएवढी काचेची नळी, तारेचे तीन पाय, वरून काळा रंग. आत जर्मेनियमचा तुकडा असतो, तांदळाच्या कणीएवढा. हा जर्मेनियम मोठा मजेदार प्राणी. तांब्यातून वीज धावते, काचेतून धावत नाही, आणि हा दोघांच्या मधला. अंधारात त्याच्यातली वीज जागच्या जागी अडकून बसलेली असते. उजेड पडला की त्या उजेडाच्या धक्क्याने ती सुटते आणि वाहायला लागते. जितका उजेड जास्त, तितकी वीज जास्त. म्हणूनच तर नळीला काळा रंग देतात, एरवी खोलीत दिवा लावला तरी रेडिओ बिघडायचा. मी दाढीच्या ब्लेडने तो रंग एका बाजूने खरवडून काढला. झाला डोळा तयार.

साच्याच्या एका बाजूला दिवा बसवला, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या डबीत हा डोळा. मधून उजेडाची एक तिरीप. तिरीप डोळ्यावर पडतेय तोवर थोडी वीज वाहते, ती दुसऱ्या ट्रान्झिस्टरने वाढवली की एक लहानसं लोहचुंबक पट्टीला धरून ठेवतं, त्याला आम्ही रिले म्हणतो. रिलेने पट्टी धरलेली असली तरच पेडल चालणार. बाईचा हात आत गेला, तिरीप तुटली, डोळ्यापुढे अंधार झाला, वीज थांबली, रिलेने पट्टी सोडली, टक! पेडल मुकं. मग कितीही पाय आपटा, ठोकळा हलायचा नाही. आणि मी किती हुशार बघा. दिवा गेला, तार तुटली, पाखरू आडवं आलं, काहीही झालं तरी अंधारच होणार, म्हणजे प्रेस बंदच पडणार. बिघडला तरी हात वाचवूनच बिघडेल, असं मी शेटला छाती पुढे काढून सांगितलं.

त्रेसष्टच्या जानेवारीत डोळे बसवले. साहेब आले, त्यांनी लाकडाची पट्टी आत घातली, टक, पेडल मुकं. साहेब म्हणाले, वा. बायका आत आल्या.

आमची माणसं कुठल्याही गोष्टीचा देव करतात. रोज सकाळी आठला मोटार सुरू झाली की बायका डबीवर कुंकवाचं बोट टेकवायच्या, उदबत्ती ओवाळायच्या, मग एकेकीने तिरिपीत हात घालायचा. टक वाजलं की म्हणायचं, ‘डोला जागा हाय,’ आणि कामाला बसायचं. मी हसायचो, पण मनातून सुखावलो होतो. माझ्या हातच्या वस्तूची पूजा होतेय! तपासणीही आपसूक होतेय! रोज सकाळी आठ वाजता. फक्त सकाळी आठ वाजता, हे माझ्या लक्षात आलं नाही. पूजा काय दुपारी तीनला करतात?

दुसरी गोष्टही माझ्या डोळ्यांदेखत झाली. महिनाभरात बायकांना कळलं की पाय उचलायचीच गरज नाही. पेडल दाबूनच ठेवायचं. हात आत गेला की प्रेस थांबते, हात बाहेर आला की आपोआप पडते. चकती, हात. चकती, हात. पाय मोकळा. काम दुप्पट व्हायला लागलं. शेट खूश. हा शोध कुणाचा? आमच्या हौसाचा. रात्री जेवताना तिने मला हाताने करून दाखवलं. पहारेकऱ्यालाच चाबूक मारायला बसवलं होतं या बायकांनी, आणि ज्याला हे कळायला पाहिजे होतं तो मी, पाटावर बसून म्हणतो, “शाब्बास गं हौसे!”

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी हौसा भाकरी थापता थापता म्हणाली, “दादा, दुपारचा तुजा डोला जरा रेंगालतो.”

“रेंगाळतो म्हणजे?”

“म्हंजे हात घातला का टक होतं ना, ता दुपारी लगेच होत नाय. जरा थांबून होतं. मना भ्या वाटतं.”

त्या दिवशी माझं डोकं आधीच सणकलेलं होतं, एका गिऱ्हाइकाशी वाजलं होतं. पण ते निमित्त झालं. खरी गोष्ट अशी की माझ्या डोळ्याला कुणी नाव ठेवलेलं मला सोसत नव्हतं, आणि ते या पाचवीपर्यंतसुद्धा न शिकलेल्या बाईने?

“उजेडाला रेंगाळणं माहीत नसतं,” मी म्हटलं. “तुला बोंबील वाळवण्यातलं कळतं, तेवढंच बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी शेडमध्ये गेलो. सगळ्यांसमोर वीस वेळा हात घातला. वीस वेळा टक, टक, टक. मग हौसाला पुढे बोलावलं. “दाखव, कुठे रेंगाळतो? दाखव ना!” तिने हात घातला. टक. बायका हसल्या. हौसाने पदर ओढून घेतला आणि म्हणाली, “मनाच तसा वाटला असंल.”

त्यानंतर तिने पुन्हा कधी काही सांगितलं नाही. मीही पुन्हा कधी विचारलं नाही.

मे महिन्याच्या एकवीस तारखेला, मंगळवारी, दुपारी तीन वाजता शेडमधला हमाल रामू माझ्या दुकानात धावत आला. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं. ‘हौसा’ एवढंच म्हणाला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि करंगळी अर्धी. अंगठा राहिला. डॉक्टर म्हणाले, अंगठा राहिला हे नशीब. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो, कंपाउंडरने धरलं.

संध्याकाळी ती शुद्धीवर आली. मी खाटेशी बसलो होतो. ती पहिलं काय बोलली असेल? आई गं म्हणाली नाही. पाणी मागितलं नाही. म्हणाली, “दादा, तुज्या डोल्याला बोल नको लावू. सकाली मी नीट हात जोडले नवते. घाई झाली.”

आणि खोटं कशाला सांगू, ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. बहिणीचा हात फडक्यात गुंडाळलेला समोर आहे, आणि भाऊ मनात म्हणतोय, चला, माझा डोळा सुटला. असा माणूस आहे मी. आता ठरवा, माझ्याकडून तिजोरीसाठी घंटा बनवून घ्यायची का.

पण ते बरं वाटणं टिकलं नाही. ‘रेंगालतो’ हा तिचा शब्द डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी शेडमध्ये जाऊन तिच्या प्रेसपाशी बसलो. रक्त धुतलेलं होतं. कुंकू डबीवर तसंच होतं. ठोकळा पडू नये म्हणून पेडलचा पट्टा काढून ठेवला आणि दर अर्ध्या तासाने लाकडाची पट्टी तिरिपीत घातली. आठला टक. नऊला टक. अकराला टक, पण किंचित उशिरा. बाराला पट्टी घातली, मी एक म्हटलं, मग टक. वर पत्रा तापत होता, शेजारी मोटार तापत होती, दिवा तापत होता. डबीला हात लावला तर चटका बसला. दोनला मी पट्टी घातली आणि एक, दोन, तीन, दहापर्यंत मोजलं. टक झालंच नाही. डोळ्यापुढे ठार अंधार होता आणि रिले आपली पट्टी घट्ट धरून बसला होता.

 तेव्हा मला कळलं, आणि कळायला काही अभ्यास लागला नाही, ट्रान्झिस्टर हाताळणाऱ्या माणसाला ते आधीपासून माहीत असायला हवं होतं. जर्मेनियममधली वीज उजेडाच्या धक्क्याने सुटते, तशी उष्णतेच्या धक्क्यानेही सुटते. जरा पारा चढला की दुप्पट, आणखी चढला की चौपट. त्या कणीएवढ्या तुकड्याला उजेड कुठला आणि ऊन कुठलं हे कळत नाही. वीज वाहिली म्हणजे त्याच्या लेखी उजेड आहे. जानेवारीत मी तो तपासला, सकाळी आठला बायकांनी तपासला, तेव्हा तो खरं बोलत होता. वैशाखात दुपारी दोनला पत्र्याखाली तो अंधारात बसून सांगत होता, सगळीकडे उजेड आहे, हात कुणाचाही आत नाही, पडू दे ठोकळा. आणि हौसाचा पाय पेडलवर होता, कारण मी शाब्बास म्हटलं होतं.

बिघडला तरी हात वाचवून बिघडेल! किती शहाणा मी. याच डबीत दुसरा एक न खरवडलेला ट्रान्झिस्टर उलट जोडला असता, तर दोघं सारखेच तापले असते आणि उष्णतेची वीज एकमेकांत वजा झाली असती. शेंगदाण्याएवढी वस्तू. माझ्या खणात तशा चार पडल्या होत्या.

आठव्या दिवशी साहेब चौकशीला आले. एसटी सकाळची, म्हणून साहेबही सकाळी साडेआठला शेडमध्ये हजर. हौसाला मी धरून आणलं होतं, हात गळ्यात अडकवलेला. साहेबांनी पट्टी घातली. टक. पुन्हा घातली. टक. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मी पुढे झालो. “साहेब, आता लिहू नका. दुपारी तीनला बघा. हा डोळा उन्हात आंधळा होतो. चूक माझी आहे. मी बनवलाय, मी सांगतोय.”

साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “आपण बाईंचे कोण?”

“भाऊ.”

“अच्छा,” साहेब म्हणाले. त्या ‘अच्छा’त सगळं आलं. यंत्राची चूक निघाली तर कारखान्याने हौसाला भरपाई द्यायची, एका हाताने जमेल असं दुसरं काम द्यायचं. तिची चूक निघाली तर तिने घरी बसायचं. मग भाऊ काय बोलणार? मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची चूक कबूल करत होतो, आणि ती बहिणीसाठी मारलेली थाप ठरत होती.

तरी माणूस वाईट नव्हता. म्हणाला, ठीक आहे, थांबतो तीनपर्यंत. त्याला जेवायला शेटकडे नेलं. मी शेडबाहेर उभा राहिलो. पत्रा तापायला लागला होता. ऊन इतकं की डोळे चुरचुरत होते. मी देवाला म्हणत होतो, तापू दे, आणखी तापू दे.

एक वाजता शेटचे दोन गडी शिडी घेऊन आले. त्यांनी शेडच्या पत्र्यावर नारळीच्या झावळ्या टाकल्या, दाट, दोन थर. मग विहिरीवरून कावडीने पाणी आणून त्या झावळ्या भिजवल्या. शेटच्या घरून टेबलाचा पंखा आला, तो प्रेससमोर खुर्ची मांडून तिच्या रोखाने लावला. मी ओरडलो, हे काय चाललंय? गडी म्हणाला, “सायबांना उकडंल ना, दादा.”

त्या झावळ्या बायका मार्च महिन्यापासून मागत होत्या. हौसा मागत होती. शेट म्हणायचा, बघू. त्याच्या मनात काळं होतं की तो खरंच साहेबांची सरबराई करत होता, मला आजवर कळलेलं नाही. बहुतेक त्यालाही माहीत नसावं.

तीन वाजता साहेब आत आले. शेड गार होती. पंख्याचा वारा साहेबांना लागून डबीवर जात होता. साहेबांनी पट्टी घातली.

टक.

मी म्हटलं, साहेब, रोज असं नसतं, आज पाणी मारलंय. साहेब म्हणाले, हो का. मी धावत जाऊन चहाचा स्टोव्ह आणला, पेटवला, डबीखाली धरला. मिनिटभरात डोळा आंधळा झाला. पट्टी आत, टक नाही. “बघा! बघा!” मी ओरडत होतो, हात भाजत होता त्याचं भान नव्हतं.

साहेब शांतपणे म्हणाले, “अहो मिस्त्री, माझं घड्याळ स्टोव्हवर धरलंत तर तेही बंद पडेल. सरकारला यंत्र कसं चालतं ते बघायचंय, भाजल्यावर कसं चालतं ते नाही.” शेडमधले सगळे हसले. मग ते हौसाकडे वळले. “बाई, खरं सांगा. हा डोळा कधी बिघडलेला तुम्हाला दिसला होता? कुणाला तसं सांगितलं होतंत?”

हौसाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात स्टोव्ह होता, सदरा घामाने चिकटलेला, लोक हसतायत. मी मान हलवत होतो, सांग, सांग, मला सांगितलंस ते सांग. ती माझ्याकडे बघत राहिली. मग साहेबांना म्हणाली, “नाय साहेब. दादाच्या कामात खोट नाय. माजंच ध्यान नवतं.”

साहेबांनी तिच्या डाव्या हाताचा अंगठा कागदावर घेतला. जाताना म्हणाले, आता यात कुणी हात घालू नये, विशेषतः नातेवाइकांनी. आणि तिन्ही डब्यांवर लाख ओतून सरकारी सील मारलं. डबी उघडणं म्हणजे गुन्हा. दुसरा ट्रान्झिस्टर माझ्या खिशात होता, अर्ध्या तासाचं काम होतं, आणि आता मला माझीच डबी उघडता येणार नव्हती.

झावळ्या दुसऱ्या दिवशी शेटच्या पुतणीच्या लग्नाच्या मांडवावर गेल्या. हौसाच्या जागेवर जनी नावाची नवी मुलगी बसली, नुकतं लग्न झालेली, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. मी तिला म्हटलं, पोरी, पाय उचलून काम कर. शेट म्हणाला, दिनानाथ, यंत्र सरकारने तपासलंय, तू माझ्या बायकांना भिववू नको. जनीने पाय पेडलवरच ठेवला.

घरी येऊन मी हौसाला हे सगळं सांगितलं. सांगताना शेटला शिव्या घातल्या, साहेबांना घातल्या, स्वतःलाही घातल्या. तिने ऐकून घेतलं. जनीच्या चुड्याचं सांगितलं तेव्हा तिने एकदाच विचारलं, “तिजा पाय पेडलवर हाय?” मी हो म्हटलं.  डाव्या हाताने भात कालवत होती, तो निम्मा ताटाबाहेर सांडत होता. मी भरवायला गेलो तर तिने माझा हात बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी दुकान बंद केलं. एक गोणपाट भिजवून घेतलं. सील तोडता येत नाही ना, नको. डबीवर ओलं फडकं ठेवायला तर कुणाच्या बापाची बंदी नाही. पाऊस पडेपर्यंत रोज दुपारी त्या डबीपाशी बसायचं असं मी ठरवलं होतं. शेडच्या दारात पोचलो आणि थांबलो.

जनीच्या प्रेसपाशी हौसा खाली बसली होती. तिला कामावरून काढलेलं होतं, कुणी बोलावलं नव्हतं. उजवा हात गळ्यात. तिने स्वतःच्या जुन्या लुगड्याचा तुकडा ओला करून डबीला नीट गुंडाळला होता, उजेड आत जायची जागा मोकळी ठेवून. शेजारी पाण्याचा तांब्या. डाव्या हाताने ती थेंब थेंब पाणी सोडत होती. जनीचा हात आत गेला की टक, बाहेर आला की ठोकळा. हात, टक. हात, टक. हौसा प्रत्येक टक कान देऊन ऐकत होती.

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.  मग म्हटलं, “हौसे, आता वेळेवर थांबतोय का गं? रेंगाळत नाही ना?”

तिने तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“आता इचारतोस, दादा?” ती म्हणाली, आणि तांब्या उचलून पुन्हा पाणी सोडायला लागली.